बॉनेट गार असताना

गाडी घ्यायचं ठरवलं धाकटीने आणि झोप उडाली थोरलीची.

तशी धाकटीने एक सोडून चार गाड्या घेतल्या असत्या तरी थोरलीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. धाकटीने दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटांसाठी एक अ‍ॅप काढलं होतं. ते नुकतंच एका बड्या कंपनीने विकत घेतलं, आणि त्या पैशांतून तिला लहानपणापासूनची एक हौस भागवायची होती. दोन सीटांची, लांब नाकाची, पेट्रोलवर गुरगुरणारी आणि पायाखाली क्लच असलेली स्पोर्ट्स कार. नवी आवाक्याबाहेरची, म्हणून वापरलेली. इथवर थोरलीची काहीच तक्रार नव्हती. पण गाडी बघायला जाताना धाकटी दर रविवारी बाबांना घेऊन जायला लागली आणि बाबा जायला लागले. नुसते जायला लागले असं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, जुनी टोपी झटकून, जिन्यात उभे राहून तिची वाट बघायला लागले.

बाबांचं गॅरेज होतं. घराच्या खालीच. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं, ते पुन्हा वर गेलं नाही. वर दोन खोल्यांत बाबा आणि थोरली राहत. थोरली एका प्रयोगशाळेत होती. तिथे वजनकाट्यांची, तापमापकांची, दाबमापकांची अचूकता तपासत. कारखान्यांतून आलेलं उपकरण खरं बोलतं की थापा मारतं, हे ठरवायचं तिचं काम. आई गेल्यापासून बाबांची औषधं, चष्मे, दाराच्या कड्या, सगळं तीच बघायची. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला. यायची तेव्हा वाऱ्यासारखी यायची, मिठाईचा डबा टेबलावर आदळायची आणि बाबांच्या गळ्यात पडायची. थोरलीला बाबांच्या गळ्यात पडणं जमलं नव्हतं कधी. ती आपली गळ्याभोवतीचा मफलर सारखा करायची.

आणि इंजिनाचं म्हणाल, तर इंजिन थोरलीचं होतं. लहानपणी खाली गॅरेजात बाबांच्या मागे मागे फिरायची ती थोरली. जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक ती बाबांना दाखवायला आणायचे, आणि बाबांची एक रीत होती. गाडीला हात लावायच्या आधी, मालकाशी बोलायच्याही आधी, ते बॉनेटवर उलटा हात ठेवायचे.

"उलटा का, बाबा?"

"तळव्याला घट्टे पडलेत माझ्या. त्याला काय कळतंय! मागची कातडी शहाणी असते."

बॉनेट गार लागलं तर पुढचं बोलणं. कोमट लागलं तर बाबा हात पुसत आत निघून जायचे आणि मालकाला वाटायचं, या माणसाला झालं काय. झालेलं काही नसायचं. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जी कुरकुर करतं तीच त्याची खरी तब्येत. दाखवायच्या आधी कुणी ते तापवून ठेवलं असेल, तर त्याला काहीतरी लपवायचंय. बाबा थोरलीचा चिमुकला हात धरून बॉनेटवर उलटा टेकवायचे आणि म्हणायचे, "सांग." ती सांगायची. धाकटी तेव्हा शटरबाहेर दोरीच्या उड्या मारत असायची.

आणि आता बाबांचा हात धरून गाड्या बघत होती ती धाकटी.

बाजारही असा की तो रोज वेगळं बोलत होता. सुरुवातीला सगळे म्हणत होते, आता विजेच्या गाड्यांचे दिवस आले, पेट्रोलच्या स्पोर्ट्स कारला कुत्रं विचारणार नाही. मालक घाईघाईने विकायला लागले, भाव घसरले. मग बातमी आली की हाताने गिअर टाकायच्या गाड्या कंपन्या बनवायच्याच थांबवणार आहेत. झालं. ज्यांनी कधी क्लच दाबला नव्हता तेही तशा गाड्या घेऊन दडवून ठेवायला लागले. क्लचवाल्या वर चढल्या, ऑटोमॅटिकवाल्या खाली बसल्या. धाकटी फोनवर आलेख बघायची आणि दर आठवड्याला तिचं मत बदलायचं.

"बाबा, हा बघा, परत वर चाललाय. थांबायचं की घ्यायचं?"

"आलेख सुरू करून दाखव," बाबा म्हणायचे, "मग सांगतो."

यावर दोघं हसायची. थोरली स्वयंपाकघरात कपबशा जरा जोरात ठेवायची.

रविवारी संध्याकाळी परत आल्यावर दोघांचा पाढा सुरू व्हायचा. पिवळी गाडी अपघातातली निघाली, दाराचा रंग दुसऱ्यांदा दिलेला. काळी कुण्या पोरगेल्या मालकाची, त्याने तिच्या कॉम्प्युटरशी खेळ करून तिचा जीव घेतलेला. पांढरी सगळी चांगली, पण ऑटोमॅटिक. "त्या गाडीला चालवायला माणूस नको होता, फक्त बसायला हवा होता," बाबा म्हणाले आणि धाकटी खोखो हसली. थोरलीही हसली, पण ते हसू तिने ओठांच्या आतच गिळलं. हा विनोद बाबांनी तिला एकटीला सांगितला असता तर तिला तो वर्षभर पुरला असता.

एकदा तिने विचारलं होतं. सहज विचारल्यासारखं. "मीही येऊ का या वेळी?"

बाबा बूट घालत होते. वर न बघता म्हणाले, "तुला कशाला त्रास? तुझी एक सुट्टी असते."

बस, एवढंच. वाक्य काळजीचं होतं, त्यावर रागावताही येईना. त्यानंतर तिने विचारलं नाही. घरी मात्र तिला दिसत होतं की बाबांचं लक्ष आताशा कुठेच नसतं. पूर्वी वॉशिंग मशीनने काम संपल्याची शिटी दिली की बाबा हातातला पेपर टाकून कपडे वाळत घालायला उठायचे. आता ती शिटी ओरडून ओरडून गप्प व्हायची आणि बाबा खिडकीतून रस्त्याकडे बघत बसायचे. तापमापकाने काखेत आवाज दिला तरी त्यांना त्याचं काही नसायचं. थोरली मनात म्हणायची, असू दे. मन तिकडे गाडीत बसलंय ना, इकडचं कशाला ऐकू येईल.

मग दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

धाकटीने तिचे फोटो पाठवले तेव्हा थोरली प्रयोगशाळेत होती. ओल्या पाटीसारखा करडा रंग, लांब बॉनेट, सहा सिलिंडरचं जुन्या घडणीचं इंजिन, हाताने टाकायचे गिअर. एकच मालक. विकण्याचं कारण डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: "गाडीत बसता येते, कंबरेमुळे उतरता येत नाही." धाकटीने खाली लिहिलं होतं, "ताई, हीच! रविवारी चार वाजता जातोय. बाबा तर आत्ताच टोपी शोधतायत."

थोरलीने फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. तिच्या अंगाची अशी लाहीलाही झाली की समोरच्या तापमापकाने ती टिपली असती तर तिला आश्चर्य वाटलं नसतं. ही गाडी खाली गॅरेजात एकदाच आली होती. ही म्हणजे हिची थोरली बहीण, आधीचं मॉडेल. बाबांनी तेव्हा थोरलीला मांडीवर घेऊन त्या गाडीचं स्टिअरिंग धरायला दिलं होतं. त्या वेळी धाकटी पाळण्यात होती.

रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले. थोरलीने पर्स उचलली आणि "जरा बाजारात जाऊन येते" म्हणून निघाली. डॉक्टरांचा पत्ता तिला पाठ झाला होता.

डॉक्टर गोल चेहऱ्याचे, बोलके, एका हाताने कंबर धरून चालणारे. त्यांनी गॅरेजचं दार वर केलं. गाडी अंधारात बसली होती. थोरलीने काही न बोलता पुढे होऊन बॉनेटवर उलटा हात ठेवला. डोळे मिटले. गार. माठासारखं गार.

"ताप बघताय का तिचा?" डॉक्टर म्हणाले.

"सुरू करता का?"

इंजिन सुरू झालं आणि त्या बंद जागेत एक भरदार आवाज उभा राहिला, तिच्या बरगड्यांपर्यंत पोचला. त्या आवाजाच्या कडेला अगदी बारीक, घड्याळासारखी टिकटिक होती. डाव्या बाजूला, खाली. तिने मान कलती केली. ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, "चालवून बघणार?" आणि ती हो म्हणाली. टिकटिक थोड्याच वेळात विरली. गल्ली, मोठा रस्ता, पुलाखालचं वळण. पायाखाली क्लच, हाताखाली गिअरचा गोळा. वळणावर गाडीने असा काही सूर लावला की थोरली, जी बसमध्येसुद्धा खिडकीशी बसत नाही, ती मोठ्याने हसली. बरोबर कंबर धरून बसलेले डॉक्टरही हसले.

परत आल्यावर तिने घड्याळ पाहिलं. चारला अवकाश होता. चार वाजेपर्यंत गार होईल, तिने स्वतःला सांगितलं.

आता हे वाक्य दुसऱ्या कुणी स्वतःला सांगितलं असतं तर क्षम्य होतं. पण धातूचा एवढा मोठा गोळा बंद खोलीत कसा आणि किती सावकाश निवतो, हे त्या शहरात कुणाला नीट माहीत असेल तर ते तिलाच. तिला माहीत होतं. तिने ते माहीत नसल्यासारखं केलं आणि घरी येऊन भाजी निवडत बसली.

दोघं परतली ती सांज व्हायच्या सुमाराला. जिन्यात पावलं वाजली तेव्हाच तिला कळलं. धाकटीची पावलं आपटत होती.

"चोर आहे तो दातवाला!" धाकटीने पर्स सोफ्यावर फेकली. "एवढं गोड बोलतो, आणि आम्ही जायच्या आधी तापवून ठेवलेली! बाबांनी हात लावला आणि सरळ मागे फिरले. एक शब्द नाही. मी आपली तिथे तोंड वासून उभी."

"गरम होती," बाबा म्हणाले. ते खुर्चीत बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आणि वर बहाणे काय, तर म्हणे दुपारी कोणी बाई येऊन चालवून गेली. बाई! अशी कोण बाई उन्हातान्हात एकटी स्पोर्ट्स कार बघत फिरते?"

"उलटा हात लावला म्हणे तिने बॉनेटला," बाबा म्हणाले. बोलताना त्यांनी थोरलीकडे पाहिलं नाही. टोपीवरची न दिसणारी धूळ झटकली.

थोरलीने चहा गाळला. हात थरथरला नाही. तिचे हात थरथरत नसत, तेवढ्यासाठीच तिला पगार मिळायचा.

"जाऊ दे," धाकटी म्हणाली. "मला कंटाळा आला. आज भाव वर, उद्या खाली, आणि जी आवडते ती लबाड निघते. मी सरळ नवी विजेची घेते. बटण दाबलं की चालली, आवाज नाही, बॉनेट नाही, भानगड नाही. बाबा, तुमचे रविवार सुटले एकदाचे!"

हेच तर हवं होतं. थोरलीला आतून कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. रविवार परत येणार होते. बाबा पेपर वाचणार, ती समोर बसणार, मधूनच बाबा जुन्या एखाद्या गाडीची गोष्ट काढणार. तिने कप पुढे करताना बाबांकडे पाहिलं.

बाबांचा चेहरा बंद होत होता. खालचं शटर त्यांनी शेवटचं ओढलं त्या दिवशी तो असाच झाला होता, आणि तेव्हा शेजारी तीच उभी होती.

"ती बाई मी होते," थोरली म्हणाली.

धाकटीचा कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. "काय?"

"दुपारी मी गेले होते. मीच चालवली. डॉक्टर खरं बोलतायत."

"तुला घ्यायची होती का ती?"

"मी कशाला घेऊ?"

"मग?"

"मला ऐकायची होती." एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तोंड उघडलंच होतं. "तुमच्या आधी."

धाकटी भडकली. "अगं, मग यायचं ना आमच्याबरोबर! हे काय लहान मुलांसारखं? दुसऱ्याचं ताट आधीच उष्टं करून ठेवायचं!"

"दोन सीटांच्या गाडीत तिसरी कुठे बसणार?"

"बघायला आपण माझ्या साध्या गाडीतून जातो, ताई. तिच्यात पाच माणसं बसतात!"

"बोलावलं होतं कुणी?"

"दर वेळी!" धाकटी ओरडली. "दर वेळी मी म्हणते, ताईला घेऊ या, तिला जास्त कळतं. बाबाच म्हणतात, नको, तिला नको."

थोरलीला वाटलं, कुणीतरी आपल्या हातातून ट्रे काढून घ्यावा. इतके दिवस तिने सगळा जळफळाट धाकटीच्या खात्यावर टाकला होता. धाकटी हिसकावते, धाकटी घेऊन जाते. आता कळलं की कुणी हिसकावलं नव्हतं. देणाऱ्यानेच दिलं होतं.

"खरंय, बाबा?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. "उद्या सकाळी जाऊ," ते म्हणाले. "तिघं. गार असताना. डॉक्टरांना फोन कर आणि माफी माग, म्हणावं चूक आमच्या घरातली होती."

"उद्या दुपारी त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येतंय," धाकटी म्हणाली. "तो न बघताच घेणार आहे. क्लचवाली आहे एवढंच त्याला पुरे आहे."

"म्हणून तर सकाळी."

सकाळी धाकटीच्या गाडीत थोरली मागे बसली. पुढे बाबा आणि धाकटी. मागच्या सीटवरून दोघांच्या मानांची वळणं अगदी सारखी दिसत होती आणि तिला तेही सोसवेना. तिने टिकटिकीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. का सांगू? ज्यांना आपण नको होतो त्यांना आपले कान तरी कशाला हवेत? आणि बाबांना ती ऐकू येईलच. आवाज लागला की बाबा हात वर करतील, मान कलती करतील आणि म्हणतील, डावीकडे, खाली. मग निदान तिला एकटीला ठाऊक असेल की हे तिने आधी ऐकलं होतं.

डॉक्टरांनी दार वर केलं आणि थोरलीला बघून हात जोडले. "या. आज ताप बघायला अख्खं घर आलंय."

बाबा पुढे झाले. उलटा हात. डोळे मिटलेले. "गार," ते म्हणाले, आणि धाकटीने श्वास सोडला.

इंजिन सुरू झालं. तोच आवाज, तीच थरथर, आणि कडेला टिकटिक टिकटिक टिकटिक. कालच्याहून स्पष्ट. थोरली बाबांकडे बघत राहिली. बाबांनी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर समाधान पसरत होतं, जसं उन्हात बसलेल्या माणसाच्या पसरतं. त्यांनी मान डोलावली.

"साफ," बाबा म्हणाले. "एकदम साफ आहे."

"नक्की ना, बाबा?"

"अगं, ऐक की! लोण्यासारखं चाललंय."

टिकटिक चालूच होती.

आधी थोरलीला वाटलं, बाबा थट्टा करतायत. मग वाटलं, धाकटीचं मन मोडू नये म्हणून. आणि मग तिला वॉशिंग मशीन आठवलं. ओरडून गप्प होणारी शिटी. काखेतला तापमापक. बारीक, उंच आवाज, सगळे तेच. दार आपटलेलं बाबांना कळत होतं, बोललेलं कळत होतं, इंजिनाची गुरगुर कळत होती. वरची पट्टी तेवढी गेली होती. सुईच्या टोकासारखे आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. तिचा अख्खा दिवस बिघडलेली उपकरणं ओळखण्यात जातो, आणि घरातलं तिने ओळखलं नव्हतं. ती रुसण्यात गुंतली होती.

आणि म्हणूनच, तिच्या ध्यानात आलं, म्हणूनच "तिला नको". धाकटीला कधीच कळलं नसतं. तिला पहिल्याच गाडीला कळलं असतं.

खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते काही चांगलं नव्हतं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. बाबा, तुम्हाला ऐकू येत नाहीये. धाकटीच्या डोळ्यांसमोर त्या सगळ्या रविवारांची हवा निघून गेली असती. मग दर वेळी थोरलीलाच विचारावं लागलं असतं. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, गोड लागत होतं. धाकटी डॉक्टरांना म्हणत होती, "मग कागदपत्रांचं बघायचं का?" आणि टिकटिक मंदावत होती. धुराच्या नळाचा सांधा सुटला असेल तर असंच होतं, तो तापला की भेग मिटते. थोडा वेळ आणखी गेला की ती कुणालाच ऐकू आली नसती.

थोरली पुढे झाली आणि तिने बॉनेट उघडलं.

"बाबा, जरा इकडे या. उजेडात." तिने त्यांचं मनगट धरलं. तिच्या आठवणीत बाबांचं मनगट जाड होतं. आता बोटं सहज भोवती आली. तिने त्यांचा हात उलटा करून डाव्या बाजूला खाली नेला, एक्झॉस्टचे, म्हणजे धुराचे, नळ इंजिनाला जिथे जोडलेले असतात तिथे, नळांना न टेकवता, कागदाएवढं अंतर ठेवून. लहानपणी बाबा तिचा हात जसा धरायचे तसाच.

"सांगा," ती म्हणाली.

बाबा स्थिर झाले. त्यांच्या हाताच्या मागच्या कातडीवर बारीक बारीक फुंकरी बसत होत्या, एकापाठोपाठ एक, टिकटिकीच्याच ठेक्यात. थोरलीला त्या दिसत नव्हत्या, पण बाबांच्या करंगळीवरचे पांढरे केस हलत होते ते दिसत होते. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच सरळ पाहिलं. त्या नजरेला काय म्हणावं, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही.

"फुंकतंय," बाबा मोठ्याने म्हणाले. हात बाहेर काढला आणि धाकटीकडे वळले. "एक्झॉस्टचा सांधा फुंकतोय. एखादा बोल्ट तुटलेला असणार. गार असताना फुंकतो, तापला की मिटतो. डॉक्टर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आईशप्पथ नाही!" डॉक्टर खरोखर गोंधळले होते. "गेटपर्यंत जाईतो काहीतरी टकटक करायची, मला वाटायचं माझीच कंबर."

"मग नको का घ्यायला?" धाकटी हिरमुसली.

"घ्यायची तर. बाकी गाडी सोन्यासारखी आहे. पण तो बोल्ट काढताना आत मोडला तर काम वाढतं. भावात ते धरा, डॉक्टर."

"तुम्ही म्हणाल तसं धरतो. दुपारच्याला नाही म्हणून सांगतो. त्याने तर गाडीचा रंगही विचारला नव्हता हो, मला वाईटच वाटत होतं." डॉक्टरांनी कंबर चोळली. "दात मी असेच बघतो. दुखतो तेव्हा बघावा, गोळी घेतल्यावर नाही."

धाकटीने बाबांना मिठी मारली. "बघितलंस, ताई? कान असावा तर असा! कुठे काही नसताना बरोबर पकडलं!"

"हो ना," थोरली म्हणाली. आणि त्या "हो ना"ने तिची जीभ जी पोळली, ती पार संध्याकाळपर्यंत.

मग धाकटी चालवून बघायला निघाली. सीटा दोनच होत्या, आणि शेजारी कोण बसणार हे कुणी कुणाला विचारलं नाही. बाबा वाकून, दाराला धरून, कण्हत-हसत आत गेले. करडी गाडी गेटातून बाहेर पडली. थोरली डॉक्टरांबरोबर मोकळ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"तुम्ही घेत असता तर मला जास्त आवडलं असतं," डॉक्टर म्हणाले. "काल तुम्ही हसलात ना वळणावर, ती गाडी त्यासाठीच असते."

थोरलीने बोट ओठांवर ठेवलं. ती ऐकत होती. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, गुरगुर दूर गेली, भिंतींवर आपटून परत आली. तिच्या कडेची टिकटिक बारीक बारीक होत गेली आणि एका जागी विरून गेली. आत बसलेल्या दोघांपैकी एकाला ती ऐकू येत नव्हती आणि दुसरीला ऐकायची कशी ते माहीत नव्हतं. ती कुठे विझली हे फक्त थोरलीला कळलं. तेवढं तिने कुणालाही न सांगता स्वतःकडे ठेवलं.

गाडी परत आली. धाकटी लाल चेहऱ्याने उतरली आणि डॉक्टरांशी बोलत घरात गेली. बाबांना उतरता येईना. थोरलीने हात दिला. ते तिच्या आधाराने उभे राहिले, पण हात सोडला नाही.

"तुला कळलं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून."

"मग कळलं असतं तर काय झालं असतं, बाबा?"

बाबांनी गाडीच्या छतावर थोपटलं. म्हणाले, "रविवारी शटर उघडू या म्हणतो. बोल्ट मी काढीन, हात अजून चालतात. पण तो काढताना मोडायला लागला की आधी करकर करतो. बारीक. ते ऐकायला कुणीतरी जवळ हवं."

"धाकटीला बोलवा ना. तिला आवडेल."

"तिला बोलावणारच आहे. ती टॉर्च धरेल," बाबा म्हणाले. "तू येशील का?"

थोरलीने त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. मग दुसरीकडे बघत पुटपुटली, "बघते. माझी एक सुट्टी असते."

"काय म्हणालीस?"

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि तेच वाक्य मोठ्याने, शब्द तोडून तोडून म्हणाली. बाबा आधी ओशाळले, मग हसायला लागले, आणि घरातून धाकटीने ओरडून विचारलं, "काय झालं गं? मलाही सांगा ना!"

"काही नाही," थोरलीने ओरडून सांगितलं. "आमचं आपलं चाललंय."